चिप्स मागवण्याआधी विचारा, "तळता कशात?"

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या यॉर्कशायरमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला मी पहिल्याच महिन्यात एखाद्या जुन्या फिश अँड चिप्सच्या, म्हणजे तळलेला मासा आणि बटाट्याच्या जाड तळलेल्या फोडींच्या, हॉटेलात जायला सांगतो. पुडकं बांधून घरी आणू नका, तिथेच बसून खा. पण टेबलावर बसण्याआधी काउंटरवर विचारा, "तळता कशात?"

दक्षिणेकडे, लंडनच्या बाजूला, बहुतेक ठिकाणी वनस्पती तेल असतं. इकडच्या जुन्या दुकानांत मात्र बीफ ड्रिपिंग, म्हणजे वितळवलेली गोमांसाची चरबी वापरायची पद्धत आहे आणि लोकांना तीच चव हवी असते. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा ती मासे खात नाही म्हणून तिच्यासाठी नुसते चिप्स मागवले. बटाटाच तो, त्यात काय विचारायचं, असं वाटलं. अर्धी बशी संपल्यावर भिंतीवरची पाटी वाचली. आईने बशी बाजूला सारली, पाणी प्यायली आणि मला एका शब्दाने बोलली नाही. ते मला अजून लागतं. तेलाचा वेगळा फ्रायर काही ठिकाणी असतो, तोही विचारा. या प्रश्नाचं इथे कुणी वाईट मानत नाही.

आता मासा. इकडे हॅडॉक, दक्षिणेत जास्त करून कॉड. त्याला हळद-मीठ-आगळ काही लावलेलं नसतं, त्यामुळे रव्यातली सुरमई मनात धरून जाऊ नका. मैद्याच्या पिठात बुडवून तो कढत चरबीत सोडला की पिठाचं कवच होतं आणि आत मासा स्वतःच्या वाफेवर शिजतो. म्हणून तो असा पाकळ्या-पाकळ्यांनी सुटतो. पहिला घास नुसताच खा. मग मीठ, मग माल्ट व्हिनेगर, आणि व्हिनेगर घालताना हात आखडू नका.

सोबत चहाची किटली आणि लोणी लावलेला ब्रेड येतो. त्या ब्रेडमध्ये चिप्स घातले की झाली चिप बटी. वडापाव खाऊन वाढलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. मशी पीज म्हणजे सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवून गाळ शिजवलेले वाटाणे, ते जरूर घ्या. तळताना पडलेल्या पिठाच्या चुऱ्याला इथे 'स्क्रॅप्स' म्हणतात. आपल्या वड्याच्या चुऱ्यासारखा तोही मागून घ्यायचा.

लीड्सजवळच्या गाइझलीत हॅरी रॅम्सडेन यांनी १९२८ साली एका लाकडी खोपट्यात धंदा सुरू केला आणि १९३१ साली झुंबरं, गालिचे असलेलं मोठं हॉटेल उभारलं. गिरण्यांच्या या मुलुखात कामगारांचं जेवण झुंबराखाली आलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दुसऱ्या महायुद्धात कितीतरी जिन्नस रेशनवर गेले, पण मासे आणि बटाटे गेले नाहीत. इथल्या म्हाताऱ्या माणसांना या जेवणाबद्दल विचारा, ती भरभरून बोलतात.

शुक्रवारी मासे खायची जुनी ख्रिस्ती रीत आहे, त्यामुळे त्या संध्याकाळी रांग असते. रात्री नऊला जेवायची सवयही सोडा. बरीच जुनी हॉटेलं त्याआधीच बंद होतात.

पुढच्या खेपेला आईसाठी तेलाचा वेगळा फ्रायर असलेलं हॉटेल आधी फोन करून शोधलं. तिने चिप बटी पूर्ण संपवली आणि म्हणाली, "यात लसणीची चटणी हवी होती रे." आता ती आली की आम्ही डबीतून नेतो.