राहिलेला बूस्टर डोस : घरातील ज्येष्ठांसाठी

भारतात 10 जानेवारी 2022 पासून दिला जाऊ लागलेला 'प्रिकॉशन डोस', म्हणजे कोरोना लसीचा बूस्टर डोस, अनेकांचा राहून गेला, आणि माझ्या मते त्यामागे भीतीपेक्षा 'आता कोरोना कुठे आहे?' ही भावना अधिक आहे. म्हणून आईवडिलांना आग्रह करण्याआधी त्यांची अडचण नेमकी कोणती, हे शांतपणे विचारावे.

कोविन या सरकारी लसीकरण संकेतस्थळावरील प्रमाणपत्रात शेवटच्या डोसची तारीख व लसीचे नाव पाहावे. मधुमेह, हृदयविकार किंवा पूर्वीची ॲलर्जी असल्यास नेहमीच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

त्यानंतर नागपुरातील मेडिकल व मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा धंतोली-रामदासपेठेतील रुग्णालयांत लस उपलब्ध आहे का, हे फोनवर विचारूनच निघावे. काही लसींच्या एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि ती उघडल्यावर काही तासांतच वापरावी लागते, त्यामुळे पुरेसे लोक नसल्यास परत पाठवले जाते. महाल भागातून ऑटोने आलेले वृद्ध एकदा असे परतले, की पुन्हा सहसा येत नाहीत. नागपूरच्या मे महिन्यात तर सकाळचीच वेळ मागावी.

दंड दुखणे, एखाद-दोन दिवस कणकण येणे स्वाभाविक आहे. मात्र श्वास लागल्यास किंवा छातीत दुखल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.