दुकानातून आणलेला आजारी फायटर कसा सावरावा

प्लास्टिकच्या ग्लासात जेमतेम ओंजळभर पाणी, आणि तळाशी एका कुशीवर पडलेला निळा फायटर मासा. पर मिटलेल्या छत्रीसारखे अंगाला चिकटलेले, शेपटीची कड कागद जळावा तशी काळी. मधूनच सगळं बळ एकवटून तो वर यायचा, हवेचा एक घोट घ्यायचा आणि पुन्हा खाली जायचा. मी त्याला घरी आणलं. त्यानंतरच्या काही वर्षांत असे आणखी चार आणले. पाचांतले तीन सावरले, दोन गेले. त्यातून जे शिकले ते इथे लिहिते आहे, कारण असा मासा आणल्यावर बहुतेकजण आधी औषधाच्या बाटलीकडे धावतात. त्याला खरी गरज असते ती चांगल्या पाण्याची.

फायटर म्हणजेच बेटा मासा. हा मूळचा थायलंडकडचा. भातखाचरं आणि दलदलीत राहणारा. २०१९ साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. कल्ल्यांखेरीज त्याच्याकडे थेट हवेतून श्वास घेणारा एक खास अवयव असतो, म्हणून तो ग्लासातही तग धरतो. त्यावरून ‘याला कमी पाणीच आवडतं’ असा समज पसरला. भातखाचर उथळ असलं तरी लांबरुंद पसरलेलं, उबदार आणि वनस्पतींनी भरलेलं असतं. ग्लासात माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून निघालेला अमोनिया जागच्या जागी साठत जातो. तोच कल्ले आणि पर भाजून काढतो, आणि बाकीचे आजार त्या जखमेवर चढतात.

मासा आणण्याआधी

आजाऱ्याला मोठी सजवलेली टाकी नको. ८ ते १० लिटरचा, साबण न लागलेला, स्वच्छ प्लास्टिकचा टब पुरतो. तळात वाळू-खडे घालू नका. विष्ठा आणि उरलेलं अन्न दिसलं पाहिजे, काढता आलं पाहिजे. पाण्याची खोली वीतभरच ठेवा, म्हणजे अशक्त माशाला हवेसाठी फार वर यावं लागत नाही. वर हवा जाईल असं झाकण हवंच. फायटर उडी मारतो, आणि झाकणाखालची दमट, उबदार हवा त्याच्या श्वासासाठी चांगली असते. लपायला मातीची छोटी कुंडी आडवी ठेवा.

पाणी २६ ते २८ अंशांवर असावं. मुंबई-कोकणात वर्षाचा बराच काळ हे आपोआप जमतं. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्री टबातलं पाणी चांगलंच थंड होतं. तिथे थर्मोस्टॅट असलेला २५ वॉटचा हीटर घ्या. पाणी बदलण्याआधी त्याचं बटण बंद करून प्लग काढा. तापलेला हीटर पाण्याबाहेर आला तर काच तडकते.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशाचे कल्ले जाळतं. मत्स्यालयाच्या दुकानात अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात, ते बाटलीवरच्या प्रमाणात घाला. उघड्या बादलीत २४ तास ठेवून साधं क्लोरीन उडून जातं, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) जात नाही, त्यामुळे थेंबच खात्रीचे. टँकरच्या पाण्याबाबत विशेष जपा. माझा गेलेला एक मासा टँकरचं पाणी आलेल्या दिवशीच गेला. बादलीला नेहमीपेक्षा उग्र वास येत होता आणि मी थेंब मात्र नेहमीचेच घातले होते. आरओचं पाणी एकट्याने वापरू नका, त्यातले क्षार निघून गेलेले असतात.

पहिला दिवस

पिशवी बंदच ठेवून १५-२० मिनिटं टबात तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग ती उघडून दर पाच मिनिटांनी टबातलं थोडं पाणी पिशवीत घाला. अर्ध्या तासाने मासा छोट्या वाटीने अलगद टबात सोडा. दुकानातलं पाणी टबात ओतू नका. जाळीत त्याचे फाटके पर अडकतात, म्हणून वाटीच बरी.

त्या दिवशी खायला काही देऊ नका. दिवा बंद, टबाच्या तीन बाजूंना कागद, घरातल्या मुलांना टबावर टकटक करायला मनाई. पर फुलवतो का ते पाहायला आरसाही दाखवू नका. त्याला झोपू द्या.

नीट पाहा

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च घेऊन बसा. मिटलेले पर, अंगावर आडवे फिकट पट्टे, उडालेला रंग हा ताण आहे, तो पाण्यानेच जातो. परांच्या कडा काळ्या किंवा लालसर होऊन झिजत असतील तर पर सडताहेत. मिठाच्या कणांसारखे सुटे पांढरे ठिपके म्हणजे व्हाइट स्पॉट. टॉर्च तिरका धरल्यावर अंगावर सोनेरी धूळ चमकली तर तो व्हेल्वेट. पोट फुगलंय पण खवले सपाट आहेत, तर बहुधा बद्धकोष्ठ किंवा जास्त खाणं. आणि वरून पाहताना खवले अननसाच्या सालीसारखे उभे राहिलेले दिसले, तर ते जलोदराचं लक्षण. त्यातून मासा क्वचितच उठतो. तेव्हा त्याला उबदार, स्वच्छ पाण्यात शांत ठेवणं एवढंच बहुधा आपल्या हातात उरतं.

पाणी बदलणं हाच मुख्य उपचार

टबात फिल्टर नाही, म्हणून रोज निम्मं पाणी बदला. नवं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवा, थेंब घाला, आणि ते टबाइतकंच कोमट झालं की हळूहळू ओता. तळाची घाण बारीक नळीने ओढून घ्या. पाणी पारदर्शक दिसतं म्हणून एखादा दिवस चुकवू नका, कारण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. अमोनिया तपासायची चाचणी-पेटी मिळाली तर घ्या; अमोनियाचा आकडा शून्यच हवा.

पर सडत असतील तर सोबत मीठ. आयोडीन न घातलेलं खडे मीठ, ४ लिटरला चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम. आधी वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवा. खडा थेट अंगाला लागला तर भाजतो. मीठ उडून जात नाही, म्हणून रोज जेवढं पाणी काढाल तेवढ्यापुरतंच नवं घाला. ८ लिटरच्या टबातलं ४ लिटर बदललंत तर एकच चमचा. दहा दिवसांच्या वर मीठ चालू ठेवू नका.

आणि बदामाचं पान. आपल्या सोसायट्यांच्या आवारात, समुद्राकाठच्या रस्त्यांवर जो देशी बदाम असतो, त्याचंच. आपोआप गळलेलं, पूर्ण वाळलेलं, तपकिरी पान घ्या. रहदारीच्या रस्त्यावरचं किंवा फवारणी झालेल्या झाडाचं नको. धुऊन त्यावर उकळतं पाणी ओता आणि तळहाताएवढा तुकडा टबात सोडा. एक-दोन दिवसांत पाणी कोऱ्या चहासारखं होतं. त्यातले टॅनिन जंतूंना थोडा आळा घालतात. माझा निळा फायटर त्या पानाखालीच जाऊन बसायचा, चालता-फिरता होईपर्यंत.

खाणं

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माशांच्या खाद्याचा एक दाणा देऊन बघा. खाल्ला नाही तर पाच मिनिटांत काढून टाका. फायटरचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं असं धरून चाला. बरा होत असताना दिवसातून दोनदा, पाण्यात भिजवलेले दोन-तीन छोटे दाणे पुरे. हा मांसाहारी मासा आहे, ब्रेड-पोळीचा चुरा त्याला पचत नाही. पोट फुगलं असेल तर दोन-तीन दिवस उपाशी ठेवा, मग थोडे डॅफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक पिसवांसारखे जीव. जिवंत ट्युबिफेक्स किडे आजाऱ्याला देऊ नका, ते घाण पाण्यातून येतात.

औषध कधी

व्हाइट स्पॉट किंवा व्हेल्वेट ओळखता आला तर त्याच आजाराचं औषध, बाटलीवरच्या प्रमाणात, सांगितलेले सगळे दिवस. ठिपके गळून पडले की आजार गेला असं वाटतं, पण तेव्हा परजीवी पाण्यात वाढत असतो. उपचार दहा ते चौदा दिवस चालू ठेवा. पर सडणं आठवडाभर स्वच्छ पाणी आणि मीठ देऊनही अंगाकडे सरकत असेल तरच जंतूंवरचं औषध. घरातली माणसांची अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून टाकू नका. दोन औषधं एकत्रही नकोत.

सावरतोय हे कसं कळतं

आधी भूक येते. मग तुम्ही जवळ गेलात की तो टबाच्या कडेशी येतो. पर मात्र वेळ घेतात. एका सकाळी, साधारण बाराव्या दिवशी, माझ्या माशाच्या काळ्या कडेपलीकडे केसाएवढी पारदर्शक किनार दिसली, ओल्या प्लास्टिकसारखी. आधी मला ती बुरशी वाटली. बुरशी कापसासारखी पांढरी आणि फुगीर असते. ही सपाट, काचेसारखी होती. तो नवा पर होता. रंग भरायला पुढे महिना गेला.

तो महिना मोठी टाकी तयार करण्यात घालवा. २० लिटर, मंद चालणारा स्पंज फिल्टर. अमोनिया पचवणारे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात; ओळखीच्या कुणाच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला तर काम लवकर होतं. मग आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदललं की पुरतं. दुसरा नर फायटर त्यात कधीच नको.

टाकीत सोडताना बदामाचं जुनं पानही सोबत टाका. माझा निळा तिसऱ्या दिवशी त्याच पानाखाली बुडबुड्यांचं घरटं बांधत होता.