काळ्या प्लॅस्टिकवरचं पांढरं वॅक्स: घासायला बसण्याआधीची तयारी

गाडीला मन लावून वॅक्स करावं, पत्रा असा चमकावा की त्यात चेहरा दिसेल, आणि दुसऱ्या दिवशी उन्हात पाहावं तर बंपरच्या काळ्या कडेला, दारांच्या पट्ट्यांना आणि आरशाच्या बुडाशी पांढरे फराटे उमटलेले! मग हाताला येईल ते फडकं घेऊन आपण घासायला लागतो आणि डाग आणखी पसरतो. हे काम तासाभराचं आहे, पण सामान आधी जमवलं आणि डाग आधी ओळखला तरच. म्हणून तयारीची ही यादी, ज्या क्रमाने मी स्वतः करते त्याच क्रमाने.

सर्वांत आधी, तो डाग खरंच वॅक्सचा आहे का ते बघून घ्या. ऊन खाऊन जुनं झालेलं काळं प्लॅस्टिकही पांढुरकं दिसतं, आणि दोन्ही गोष्टी पाणी मारल्यावर नाहीशा झाल्यासारख्या वाटतात. त्यामुळे ओल्या पृष्ठभागावर काहीच ठरवू नका, पूर्ण कोरडं होऊ द्या. उन्हाने विटलेलं प्लॅस्टिक साधारण सगळीकडे सारखं करडं पडतं, आणि ज्या बाजूला ऊन जास्त तिथे अधिक. वॅक्सचा डाग मात्र पत्रा आणि प्लॅस्टिक जिथे भेटतात त्या रेषेला धरून असतो, त्यात बोटांचे आणि फडक्याचे गोल फिरवलेले फटके दिसतात. शंका उरलीच तर पांढऱ्या, मऊ खोडरबराने नखाएवढी जागा पुसून पाहा. काळा रंग परत आला आणि खोडरबराच्या भुग्यात पांढरट चिकटा दिसला, तर वॅक्सच आहे. काहीच फरक पडला नाही, तर प्लॅस्टिक विटलेलं असण्याची शक्यता जास्त. तिथे पुढची मेहनत फुकट जाईल, कारण त्याचा इलाज वेगळा आहे.

डाग एवढा हट्टी का असतो, हे कळलं की साहित्य निवडणं सोपं जातं. ही ट्रिम, म्हणजे गाडीच्या कडांचं काळं प्लॅस्टिक, बहुतेक वेळा रंग न दिलेल्या पॉलिप्रॉपिलीनची (प्लॅस्टिकचाच एक प्रकार) असते. तिचा काळेपणा प्लॅस्टिकमध्येच मिसळलेल्या काजळीचा, म्हणजे कार्बन ब्लॅकचा. वरचा पोत मुद्दाम खडबडीत ठेवलेला असतो, हाताला चामड्यासारखा लागतो. त्याच्या बारीक खळग्यांत वॅक्स जाऊन बसतं आणि वाळतं. फडकं उंचवट्यांवरून फिरतं, खळग्यांच्या तळाशी पोहोचतच नाही. त्यात आपण वॅक्सच्या आधी पॉलिश केलेलं असेल, तर त्यातली घासणारी भुकटीही तिथे अडकलेली असते, आणि ही भुकटी कुठल्याच द्रावणात विरघळत नाही, ती उचलूनच काढावी लागते. म्हणजे कामं दोन आहेत: सैल करणं आणि उचलणं. पहिल्यासाठी द्रव, दुसऱ्यासाठी ब्रश आणि कापड. यांतलं एक जरी नसलं तरी घासणं वाया जातं.

आता सामान. दोन बादल्या कोमट पाणी, एकीत गाडीचा साधा शाम्पू. बाटलीवर ‘वॅक्सयुक्त’ लिहिलं असेल तर तो आज बाजूला ठेवा, नाहीतर एका हाताने काढायचं आणि दुसऱ्याने लावायचं असं होईल. मऊ नायलॉनचे दोन ब्रश: एक रुंद, एक जुना टूथब्रश, कोपऱ्यांसाठी. तारेचा ब्रश किंवा भांडी घासायची खरखरीत घासणी जवळसुद्धा आणू नका. मायक्रोफायबरची कापडं निदान सहा घ्या. हा आकडा मी उगीच सांगत नाही. कापडाच्या एका बाजूने वॅक्स उचललं की ती बाजू संपली. तीच पुन्हा फिरवली तर उचललेलं वॅक्स शेजारच्या खळग्यांत भरलं जातं. माझ्या पहिल्या प्रयत्नात दोनच कापडं होती, आणि अर्ध्या तासानंतर सगळ्या पट्टीवर एकसारखी धुरकट झिलई आली होती. कापडं याआधी फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये धुतलेली नकोत, त्याचा थर कापडाची शोषण्याची ताकद कमी करतो. याशिवाय मास्किंग टेप, दोन छोट्या स्प्रे बाटल्या, नायट्राइलचे हातमोजे आणि एक टॉर्च.

द्रव निवडताना घाई करू नका, सगळा खेळ इथेच आहे. तीन पायऱ्या तयार ठेवा, सौम्य ते तीव्र. पहिली, पातळ केलेला ऑल पर्पज क्लीनर, बाटलीवर प्लॅस्टिकसाठी जे प्रमाण दिलं असेल तेवढाच. ताज्या डागांपैकी बरेचसे इथेच सुटतात. दुसरी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, निम्म्याला निम्मं पाणी घालून. ते तेलकट पापुद्रा छान काढतं, चटकन उडून जातं आणि मागे काही ठेवत नाही. पण जाड, मुरलेल्या कार्नोबा वॅक्सपुढे (ताडाच्या एका जातीच्या पानांपासून मिळणारं कडक वॅक्स) त्याचं फारसं चालत नाही. त्यासाठी तिसरी पायरी: रंगकामात वापरतात तो व्हाइट स्पिरिट किंवा मिनरल टर्पेंटाइन. हे वॅक्स खरोखर विरघळवतं, पण प्लॅस्टिकवर ओतायचं नसतं. कापडाचा कोपरा फक्त ओलसर करायचा, पुसायचं आणि लगेच साबणाच्या पाण्याने धुवायचं. जास्त वेळ राहिलं तर रबराची सीलं फुगतात. दुसरी आणि तिसरी दोन्ही ज्वलनशील आहेत, तेव्हा मोकळी हवा हवी आणि आसपास विस्तव, सिगारेट, चालू हीटर नको. बाटल्यांवर नावं लिहून ठेवा. दोन्ही द्रव पाण्यासारखेच दिसतात.

काय वापरायचं नाही, याचीही नोंद करून ठेवा. थिनर आणि अ‍ॅसिटोन नको. पॉलिप्रॉपिलीन कदाचित सहन करेल, पण गाडीवरची सगळी प्लॅस्टिकं पॉलिप्रॉपिलीनची नसतात आणि शेजारचा रंग तर नक्कीच खराब होईल. पेट्रोलही नको, त्याच्या वाफा पटकन पेट घेतात. पांढरा मेलामाइन स्पंज, जो भिंतीवरचे डाग चुटकीसरशी काढतो, तो मुळात अतिशय बारीक सँडपेपर आहे. तो जोरात फिरवला की डागाबरोबर पोतही झिजतो आणि कायमचा गुळगुळीत, चकचकीत ठिपका राहतो. ते एकदा झालं की काहीही लावून लपत नाही.

उष्णतेबद्दल मत देताना मला थोडं जपून बोलावंसं वाटतं, कारण ती जितकी उपयोगी आहे तितकीच घातकही ठरू शकते. कार्नोबा वॅक्स साधारण 82 ते 86 अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. म्हणून केस वाळवायचा ड्रायर हाताशी ठेवा: वीतभर अंतरावरून, सतत हलता ठेवून, प्लॅस्टिक हाताला गरम लागेल इतपतच, आणि तेही द्रव लावण्याआधी किंवा ते पूर्ण उडून गेल्यावर. रंग उडवायची हीट गन मात्र घेऊ नका. तिची हवा 500 अंशांच्याही वर जाऊ शकते आणि पॉलिप्रॉपिलीन 160 अंशांच्या आसपास वितळतं. पोत तर त्याआधीच बसतो.

जागा सावलीची निवडा आणि प्लॅस्टिक थंड असू द्या. तापलेल्या पट्टीवर द्रव काम करायच्या आधीच वाळतो आणि स्वतःचे डाग सोडतो. ड्रायरने ऊब दिली असेल तर ती पण थोडी ओसरू द्या. गाडी आधी धुऊन घ्या, कारण धुळीवर ब्रश फिरवणं म्हणजे रंगावर चरे ओढणं. नंतर प्लॅस्टिकला लागून असलेल्या पत्र्याच्या कडेवर टेप चिकटवा. हेडलाइटची काच बहुधा पॉलिकार्बोनेटची, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची असते, तिलाही झाका. पियानो ब्लॅकसारख्या चकचकीत पट्ट्या या यादीत धरूच नका. त्यांना ब्रश लागला की ओरखडे येतात. ओलं मायक्रोफायबर आणि हलका हात एवढंच त्यांना पुरतं.

मग चाचणी, आणि ही कधीही टाळू नका. बंपरच्या खालच्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा ठिकाणी पहिला द्रव लावा, ब्रश फिरवा, पुसा, पूर्ण वाळू द्या. कापडावर काळा रंग उतरतोय का बघा. थोडासा काळेपणा आधी लावलेल्या ड्रेसिंगचा, म्हणजे प्लॅस्टिक काळं दिसावं म्हणून लावतात त्या लेपाचा, असू शकतो, पण तो येतच राहिला तर द्रव बदला.

एवढं झाल्यावर प्रत्यक्ष काम जवळजवळ आपोआप होतं. एका वेळी हातभर पट्टी: द्रव, ब्रश आडवा मग उभा, कापडाची ताजी बाजू, साबणाचं पाणी, कोरडं करणं. टॉर्च तिरकी धरून पाहा, खळग्यांत राहिलेली पांढरी रेघ समोरच्या उजेडात दिसत नाही. राहिली असेल तर तोच द्रव पुन्हा, आणि दुसऱ्यांदाही हटली नाही तरच पुढची पायरी.

ट्रिमला काळेपणा देणारं ड्रेसिंग शेवटी, आणि डाग खरोखर गेल्याची खात्री झाल्यावर. आधी लावलं तर डाग दोन धुण्यांपुरता लपतो आणि मग ड्रेसिंगच्या थराखालून पुन्हा वर दिसतो, आता आणखी चिवट होऊन. टेपच्या कडेला पत्र्यावरचं वॅक्सही थोडं निघालं असेल, तिथे पुन्हा हात फिरवून घ्या. स्पिरिट लागलेली कापडं गोळा करून डब्यात कोंबू नका, बाहेर मोकळी पसरून वाळवा आणि मगच धुवा. टेपचा उरलेला रोल वॅक्सच्या डब्यातच ठेवून द्या, म्हणजे पुढच्या वेळी वॅक्स उघडताना तो आधी हाताला लागेल.