मीडियात शिरायचंय? आधी खुर्ची ठरवा

"मुलीला मीडियात जायचंय," असं ओळखीतलं कुणी म्हणालं की मी विचारते, मीडियात म्हणजे कुठे? रेल्वेत लागायचंय म्हणणाऱ्याला मोटरमन व्हायचंय की टीसी, हे विचारावंच लागतं ना, तसंच हे. मी मालिकांची एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर आहे, म्हणजे मालिकेचं रोजचं काम मार्गी लावणारी, सेटवर सगळे 'ईपी' म्हणतात ती. राहते ठाण्यात वर्तकनगरला, काम बहुतेक तिथल्याच घोडबंदर रोडवर. त्यामुळे इथे मालिकांचं पारडं जड असणार, ते धरून चाला.

ज्या धंद्यात शिरायचंय तिथे कुणाची परवानगी लागते आणि तक्रार कुणाकडे जाते, हे आधी बघा. कामं कुठे आहेत ते त्यातून आपोआप कळतं. वर्तमानपत्राची नोंदणी प्रेस रजिस्ट्रार जनरलकडे होते. १८६७चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४पासून नवा लागू झाला आणि नोंदणी ऑनलाइन आली. छापलेल्या मजकुराबद्दलची तक्रार प्रेस कौन्सिलकडे. ती ताशेरे ओढते, दंड करू शकत नाही. सिनेमाला सेन्सॉर बोर्डाचं सर्टिफिकेट हवं. २०२३च्या दुरुस्तीनंतर 'यूए'चेही (मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायचे सिनेमे) ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन टप्पे पडलेत. ओटीटीला आधी कुणी सर्टिफिकेट देत नाही. २०२१च्या नियमांप्रमाणे प्लॅटफॉर्म स्वतःच वयोगट ठरवतो आणि आलेली तक्रार त्याला १५ दिवसांत निकाली काढावी लागते. नाटकाचं महाराष्ट्रात निराळं परिनिरीक्षण मंडळ, म्हणजे नाटकांचं सेन्सॉर, आहे. आणि रेडिओवर बातमीदारी करायचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी एफएमच्या दारात उभं राहू नये. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या तेवढ्या जशाच्या तशा लावता येतात.

आता टीव्ही. मालिकेचा प्रत्येक भाग सेन्सॉरला जातो, असं बऱ्याच जणांना वाटतं. जात नाही. १९९५चा केबल टेलिव्हिजन कायदा आणि त्याखालची कार्यक्रम संहिता आहे. ती पाळायची जबाबदारी चॅनलची. प्रेक्षकाची तक्रार आधी चॅनलकडे, मग वाहिन्यांनीच उभ्या केलेल्या स्वनियमन संस्थेकडे (मनोरंजन वाहिन्यांची बीसीसीसी, बातम्यांसाठी वेगळी) आणि तरी मिटली नाही तर माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे. सगळं चॅनलच्या अंगावर येत असल्यामुळे प्रत्येक मोठ्या चॅनलमध्ये 'एस अँड पी' नावाचं टेबल असतं. स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस. प्रक्षेपणाआधी भाग बघायचा आणि काय जाणार नाही ते सांगायचं. या खुर्चीबद्दल मला आजवर एकाही मुलाने विचारलेलं नाही. सगळ्यांना दिग्दर्शक व्हायचं असतं. मराठी नीट वाचणारा, डोकं थंड ठेवणारा वकिलीचा पदवीधर असेल तर त्याने इकडे जरूर बघावं.

तिथे काय चालतं त्याचा एक नमुना देते. पटकथेत ओळ आहे: 'आजी देवासमोर अभंग गुणगुणते.' तुकोबांचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत. पण कलाकार बाई जी चाल ओठावर आणणार ती बहुधा कुठल्यातरी अलीकडच्या संगीतकाराची, आणि त्या चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं जिवंत. म्हणजे परवानगी काढा, नाहीतर नवी चाल लावून घ्या. हे शूटिंगआधी कुणाच्या लक्षात आलं तर पाच मिनिटांचं काम. एडिटवर आलं तर आजी नुसतीच ओठ हलवताना दिसते. सेटवरच्या दुकानाच्या पाटीचंही तसंच. आर्टवाल्याने उगाच दहा आकडी मोबाइल नंबर रंगवला तर भाग दाखवल्या रात्रीच कुणा तिऱ्हाइताचा फोन वाजायला लागणार. पाटीवर नंबर नकोच.

सेटवर नवखा माणूस शिरतो तो बहुतेक असिस्टंट डायरेक्टर म्हणून. लिखाणात कथा, पटकथा, संवाद ही अनेकदा वेगवेगळ्या माणसांची कामं असतात, तिथे ओळख लागते. कॅमेरा, लाइट, साउंड, मेकअप यांत हात आधी तयार हवा. असिस्टंटला मात्र चोख असणं पुरतं. कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटमध्ये तसंच दिसणं, त्याच्याकडेच असते. हळदीकुंकवाच्या सीनचा मास्टर (सगळा सीन लांबून) सकाळी झाला, क्लोज (चेहरे जवळून) जेवणानंतर. ताटातलं निरांजन डावीकडे होतं की उजवीकडे, मंगळसूत्र पदराच्या आत होतं की बाहेर, सासूच्या कपात चहा किती उरला होता, सगळ्याचे फोटो फोनमध्ये हवेत. कॉलशीटही तोच काढतो: कोण कलाकार किती वाजता, कुठला सीन, कुठले कपडे.

कॉलशीटवर लहान मूल असेल तेव्हा नियम शिकलेल्याची किंमत कळते. कायद्याने मुलाला दिवसाला ५ तासांच्या वर काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांच्या वर नाही, आणि ओळीने २७ दिवसांच्या वर नाही. शूटिंग ज्या जिल्ह्यात तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. घोडबंदरच्या सेटसाठी अर्ज ठाण्याला. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्याच नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून जातात. मी कॉलशीट बघताना मुलाच्या नावापुढे '१० ते ३' लिहिलंय का, हे आधी बघते. ज्या असिस्टंटने न सांगता मुलाचे सीन सकाळी एकत्र लावलेत आणि मोठ्यांची भांडणं दुपारनंतर ठेवलीत, त्याला मी पुढच्या मालिकेलाही बोलावते. घोडा दाखवायचा तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची आगाऊ परवानगी. येऊरच्या जंगलात कॅमेरा न्यायचा तर वनखातं, तलावपाळीवर लावायचा तर महापालिका आणि पोलीस. हे अर्ज प्रॉडक्शन मॅनेजर करतो. त्याच्या मागे मागे फिरा, तो फार बोलत नाही पण सगळं त्यालाच ठाऊक असतं.

नवी मुंबईकरांनी इतक्या लांब यायची गरज नाही. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सामना असला की बाहेर ओबी व्हॅन, म्हणजे थेट प्रक्षेपणाची गाडी, उभी राहते, आत रिप्ले ऑपरेटर, ग्राफिक्सवाले, साउंडवाले. २०२५च्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामना तिथेच झाला. हे काम दिवसावर मिळतं, रोजचं नसतं, पण यंत्राची आवड असलेल्याला मालिकेपेक्षा बरं.  

काम मागायचं कसं? मालिका ओटीटीवर लावा, श्रेयनामावली थांबवून वाचा, निर्मितीसंस्था आणि प्रॉडक्शन कंट्रोलर यांची नावं टिपा. नव्या मालिकेचा प्रोमो दिसेपर्यंत टीम बहुतेक भरलेली असते, पण असिस्टंट गळत राहतात, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा विचारा. मेसेज चार ओळींचा पुरे: नाव, राहता कुठे, मराठी टायपिंग येतं का, कधीपासून येऊ शकाल. 'मला लहानपणापासून अभिनयाची आवड आहे' हे नको. राहण्याचं ठिकाण आवर्जून लिहा. नऊच्या शिफ्टला मानपाडा किंवा कासारवडवलीहून येणारी मुलगी आम्हाला अंधेरीहून येणाऱ्यापेक्षा परवडते; घोडबंदरचं ट्रॅफिक तुम्हाला माहीतच आहे.

शिफ्ट साधारण बारा तासांची. पैशांचं आधी विचारा, लाजू नका. या धंद्यात ९० दिवसांनी पैसे मिळणं सर्रास आहे, म्हणजे पहिले तीन महिने घरून खर्च चालणार का, ते बघूनच होय म्हणा. दर, शिफ्टचे तास आणि पैसे कधी मिळणार, हे निदान मेसेजवर तरी लिहून घ्या. आपल्या खात्याच्या युनियनचं कार्ड केव्हा आणि कसं निघतं ते सेटवरच्या जुन्या माणसाला विचारा, युनियनच्या ऑफिसात स्वतः जा. बाहेर कुणी कार्ड काढून देतो, ऑडिशनची फी भरा, पोर्टफोलिओचे अमुक हजार द्या म्हणाला की फोन ठेवा आणि नंबर ब्लॉक करा.