लहान मुलासह बेंगळुरूला बिऱ्हाड हलवताना

पुणे, कोल्हापूर किंवा नाशिक सोडून नोकरीसाठी बेंगळुरूला जाणाऱ्या जोडप्याची तयारी बहुधा सामान हलवणे, भाड्याचे घर आणि त्याची अनामत रक्कम यांभोवती फिरते. ही कामे पैसे मोजून महिन्याभरात मार्गी लागतात. दोन-तीन वर्षांचे मूल बरोबर असेल, तर मात्र खरी उणीव माणसांची भासते. कारण तासभर मूल सांभाळणारी आजी, हाक मारताच येणाऱ्या शेजारच्या काकू आणि अपरात्री गाडी काढणारा भाऊ यांपैकी तिथे कोणीच नसते. म्हणून या माणसांची कामे तिथे कोण करणार, हे आधी ठरवावे आणि मगच घर शोधावे.

घर कार्यालयाजवळ असावे की पाळणाघराजवळ, असा पेच पडल्यास पाळणाघराला झुकते माप द्यावे. सिल्क बोर्डसारख्या चौकातील कोंडीत संध्याकाळी किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो, आणि आई-बाबा दोघेही अडकले तर मुलाला आणायला जाणारे तिसरे कोणी नसते. पाहायला गेल्यावर खोल्यांच्या आकाराबरोबरच कावेरीचे पाणी येते की बोअरवेल व टँकरवर भागवावे लागते, हे विचारावे. २०२४ च्या उन्हाळ्यातील टंचाईनंतर हा प्रश्न विचारण्यात कोणालाही वावगे वाटत नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास आवारात मुले खेळताना दिसतात का, हेही स्वतः थांबून पाहावे.

५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावे, अशी तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे. त्यामुळे नेमणुकीची बोलणी चालू असतानाच ही चौकशी करावी. बाहेरचे पाळणाघर निवडल्यास पहिल्याच दिवशी मुलाला पूर्ण वेळ सोडू नये. आधी तासभर, मग जेवणापर्यंत, नंतर दुपारच्या झोपेपर्यंत, असा वेळ वाढवत न्यावा. सांभाळणाऱ्या बाईंना मराठी येत नसेल, तर शू, शी, मंमं, बाऊ हे मुलाचे शब्द आणि त्यांचे अर्थ त्यांना वाचता येईल अशा लिपीत लिहून द्यावेत. मूल रडते ते अनेकदा त्याचे म्हणणे कोणाला कळत नाही म्हणून, आणि हा कागद त्यावर फार उपयोगी पडतो.

निघण्यापूर्वी नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे एक निवांत भेट ठरवावी. लसीकरणाचे मूळ कार्ड ताब्यात घ्यावे आणि १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यायचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस व डीपीटीचा पहिला बूस्टर झाला आहे ना, याची खात्री करून घ्यावी. तापाच्या औषधाची मात्रा मुलाच्या सध्याच्या वजनानुसार लिहून घ्यावी. पॅरासिटामॉलचे सिरप ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या तीव्रतेत मिळते. त्यामुळे "एक चमचा" एवढेच लक्षात ठेवणे धोक्याचे आहे, विशेषतः मध्यरात्री, जेव्हा शेजारच्या खोलीत विचारायला आई किंवा सासूबाई नसतात. नव्या शहरातील बालरोगतज्ज्ञ मूल आजारी पडण्यापूर्वीच ठरवावा आणि रात्री उघडे असणारे रुग्णालय एकदा प्रत्यक्ष पाहून यावे.

मुलाला जाण्याविषयी फार आधी सांगून उपयोग नसतो, कारण या वयात "पुढच्या महिन्यात" याचा अर्थ कळत नाही. मात्र आठवडाभर आधी साध्या शब्दांत खरे सांगावे आणि त्याची खेळणी त्याच्यासमोरच बांधावीत. आजी-आजोबांचा निरोप न घेता, झोपलेल्या मुलाला उचलून नेण्याची पद्धत सोयीची वाटली तरी टाळावी. डायपर सोडवणे किंवा दूध तोडणे हे बदलही त्याच महिन्यात करू नयेत.

आजीने कधी यावे, याचा मात्र नीट विचार करावा. सहसा ती घर लावायला म्हणून पहिल्याच आठवड्यात येते, खोक्यांमध्ये दमते आणि नेमके पाळणाघर सुरू होताना परतते. म्हणजे मुलावर दोन ताटातुटी एकदम ओढवतात. मूल पाळणाघरात रुळल्यावर, साधारण महिन्या-दीड महिन्याने, तिने येणे अधिक बरे. तोवर संध्याकाळी ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर शुभंकरोती किंवा एखादी गोष्ट व्हावी. "जेवलास का, शाळेत काय केलंस" अशा प्रश्नांना हे वय उत्तर देत नाही आणि मग दोन्हीकडे उगाच वाईट वाटते.

मोठ्यांचा एकटेपणाही गृहीत धरावा. दोघांपैकी जो घरी राहतो, आणि आपल्याकडे ती बहुधा आईच असते, त्याचा दिवस बोलायला मोठे माणूस न भेटता सरतो. रोज एकाच वेळी एकाच बागेत गेल्यास तेच चेहरे पुन्हा दिसतात आणि ओळखी आपोआप होतात. महाराष्ट्र मंडळात गणेशोत्सवाला जरूर जावे, पण अडीअडचणीला पोहोचणारा माणूस त्याच इमारतीत हवा, मग तो कोणत्याही भाषेचा असो. नीरु म्हणजे पाणी, हालु म्हणजे दूध, साकु म्हणजे पुरे, एवढे कन्नड मुलासह सर्वांनीच पहिल्या आठवड्यात शिकावे. एका शेजारणीकडे घराची जादा किल्ली आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांचे फोन क्रमांक ठेवावेत.

गावाकडे पहिली फेरी लगेच न ठेवता दोन-तीन महिन्यांनी ठेवावी. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते आणि गणपती-दिवाळीची तिकिटे पाहता पाहता संपतात, म्हणून तारीख आधीच धरून ठेवावी. पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र जागा न घेतल्यास तिकीट लागत नाही, तरी रात्रभराच्या प्रवासात पूर्ण तिकीट काढून वेगळी जागा घेणे सर्वांच्याच झोपेच्या दृष्टीने परवडते. परतीची गाडी शनिवारी पोहोचेल अशी निवडावी, म्हणजे सोमवारी पाळणाघरात जाण्यापूर्वी मुलाला पुरा रविवार आई-बाबांबरोबर मिळतो.