क्रूझचं बिल कसं वाचावं: बंदराचं किती, सरकारचं किती, कंपनीचं किती

पुण्याहून मामेभावाने रात्री साडेदहाला एक स्क्रीनशॉट पाठवला. खाली एकच ओळ: "ताई, माणशी साडेसहाशे डॉलर म्हणाले होते, मुलं फुकट म्हणाले होते. मग हे 2418 कुठून आले गं?"

अमेरिकेत नातेवाइकांकडे जाणार, तर जोडून मायामीहून सात रात्रींची कॅरिबियन सफर करावी असा त्याचा बेत. तो, बायको आणि दोन मुलं, एकाच केबिनमध्ये. स्क्रीनशॉटमधलं बिल असं होतं:

दोन मोठ्यांचं भाडं: 650 × 2 = 1300
दोन मुलांचं भाडं: 0
कर, शुल्क आणि बंदर खर्च: 150 × 4 = 600
ग्रॅच्युइटी (जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची रोजची टिप): 18.50 × 7 दिवस × 4 = 518
एकूण: 2418 डॉलर

कोणी खोटं बोललेलं नव्हतं. साडेसहाशेच होते, मुलंही फुकटच होती. फक्त भाडं या एकाच शब्दापुरती. हे बिल मी त्याला फोनवर जसं उलगडून दाखवलं, तसंच इथे लिहिते.

पहिली पायरी: बिलाचे तीन ढीग करा

कागद घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात कंपनीचं भाडं. दुसऱ्यात कर, शुल्क आणि बंदर खर्च. तिसऱ्यात टिपा, ड्रिंक पॅकेज, वायफाय, विमा आणि बाकीचं सगळं. बिलावर या ओळी वेगवेगळ्या नावांनी येतात. ब्रोशरमध्ये एक नाव, एजंटच्या ईमेलमध्ये दुसरं. नावाकडे बघू नका. हा पैसा शेवटी कोणाच्या खिशात जातो, एवढंच विचारा.

एजंट नुसती एकूण रक्कम देत असेल तर फोड मागून घ्या, लेखी. जो द्यायला कां कूं करतो त्याच्याकडे बुकिंग करू नये, असं माझं मत आहे.

दुसरी पायरी: मधला ढीग उघडा

सगळा गोंधळ इथे असतो. "कर, शुल्क आणि बंदर खर्च" ही दिसायला एक ओळ, पण आत अक्षरशः डझनभर गोष्टी कोंबलेल्या असतात. त्या दोन जातींच्या.

पहिली जात डोक्यामागे लागणारी. अमेरिकेचं केंद्र सरकार रात्रभराच्या किंवा त्याहून मोठ्या जलप्रवासावर माणशी 3 डॉलर घेतं. अलास्कात 2006 साली मतदारांनीच मतदान करून माणशी 50 डॉलरचा बोजा लावला, त्यात 46 कराचे आणि 4 जहाजांवर नेमायच्या पर्यावरण निरीक्षकांचे. क्रूझवाल्यांनी बराच आरडाओरडा केल्यावर 2010 मध्ये कराचा आकडा 34.50 वर आला. ग्रीसने जुलै 2025 पासून बंदरागणिक कर सुरू केला: जून ते सप्टेंबरात सँतोरिनी किंवा मिकोनोस बेटावर उतरलात तर माणशी 20 युरो, इतर बंदरांवर 5. म्हणजे जुलैमधल्या एकाच फेरीत मिकोनोस, सँतोरिनी आणि ऱ्होड्स असेल तर चौघांचे 180 युरो नुसते पाय टेकवण्याचे. हा कर तिकिटात धरलाय की नंतर जहाजावरच्या खात्यात पडणार, हे बुकिंग करतानाच विचारा. मेक्सिकोनेही 1 जुलै 2025 पासून क्रूझ प्रवाशांकडून माणशी 5 डॉलर घ्यायला सुरुवात केली, आणि तो आकडा पुढच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढवायचं ठरवून ठेवलं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या शेजाऱ्याचं बिल तुमच्या बिलाशी जुळणार नाही.

दुसरी जात जहाजामागे लागणारी. धक्क्याला उभं राहण्याचं भाडं, जहाज आत आणून लावणाऱ्या स्थानिक पायलटची फी, टगबोटी (मोठ्या जहाजाला ओढणाऱ्या छोट्या बोटी), सुरक्षा, सामान उचलणारे हमाल. हे पैसे बंदर माणशी मागत नाही. जहाजाच्या टनावर किंवा सरळ एका फेरीवर मागतं. कंपनी मग ती रक्कम प्रवाशांवर वाटते.

कशी वाटते? उदाहरणाला मुंबई घेऊ. 2020 साली आपल्या जहाजवाहतूक मंत्रालयाने मोठ्या बंदरांमधले क्रूझचे दर एकदम खाली आणले. आधी टनामागे 0.35 डॉलर होते, ते पहिल्या 12 तासांसाठी 0.085 केले, वर माणशी 5 डॉलर. पायलट, धक्का, बंदर शुल्क असं वेगळं काही लावायचं नाही, असंही सांगितलं. आता 50,000 टनांचं जहाज बॅलार्ड पियरला दिवसभर थांबलं असं धरा. 50,000 × 0.085 म्हणजे 4250 डॉलर. जहाजात 1700 प्रवासी असतील तर माणशी अडीच डॉलर. त्यात डोक्यामागचे 5. झाले साडेसात. जुन्या दराने हेच टनाचे पैसे माणशी दहाच्या वर गेले असते. (हे टन वजनाचे नाहीत बरं का. जहाजाच्या आतली एकूण जागा मोजायचं ते माप आहे, नाव तेवढं फसवं.)

साडेसात डॉलर ही एका दिवसाच्या, एका बंदराची गोष्ट झाली. सात रात्रींत चार बंदरं, त्यात निघण्याचं आणि परतीचं मायामी धरलं, की दीडशेचा आकडा कुठून येतो ते दिसू लागतं. पनामा कालवा पार करणाऱ्या सफरींत कालव्याचा टोलही याच ओळीत बसतो, म्हणून तिथे ती ओळ बघून दचकायला होतं.

तिसरी पायरी: डोकी मोजा, वयं नाही

मामेभावाची मुलं सहा आणि नऊ वर्षांची. "मुलं फुकट" ही सवलत फक्त पहिल्या ढिगाला लागते. मधल्या ढिगात मूल, म्हातारं, तिसरा, चौथा, सगळे सारखे, अगदी तान्हं बाळसुद्धा. त्याच्या प्रत्येक "फुकट" मुलामागे 150 कराचे आणि 129.50 ग्रॅच्युइटीचे, मिळून 279.50 डॉलर. हे ऐकून तो जरा वेळ गप्पच झाला, मग म्हणाला, "म्हणजे दोघांचे साडेपाचशे, आणि वर फुकट." असंच.

म्हणून तुलना करताना भाड्याची भाड्याशी कधीच करू नका. एक कंपनी 550 भाडं आणि 210 कर दाखवते, दुसरी 640 भाडं आणि 120 कर. बेरीज तीच. तुलना नेहमी सगळ्या माणसांच्या, सगळ्या ओळींच्या बेरजेची, आणि तीही तितक्याच रात्रींसाठी.

चौथी पायरी: पहिल्या ढिगाचा इतिहास माहीत असू द्या

नव्वदच्या दशकात फ्लोरिडात यावरून मोठं प्रकरण झालं होतं. क्रूझ कंपन्या जाहिरातीत भाडं स्वस्त दाखवायच्या आणि "बंदर शुल्क" म्हणून जी रक्कम वर लावायच्या, तिच्यातला बराच भाग बंदरापर्यंत जायचाच नाही. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने चौकशी लावली. 1997 मध्ये तडजोड झाली: सरकारी यंत्रणेला प्रत्यक्ष जाणारी रक्कम तेवढीच वेगळी दाखवायची, बाकी सगळं जाहिरातीतल्या भाड्यात.

कंपन्यांनी ते मान्य केलं आणि लगेच भाड्याचेच दोन तुकडे केले. एका तुकड्यावर एजंटला कमिशन, दुसऱ्यावर नाही. एजंटच्या कागदावर "नॉन कमिशनेबल" अशी ओळ दिसली तर ती हीच. तुमच्यासाठी तो कर नाही, शुल्क नाही, सरळ भाडंच आहे. एखादा एजंट तिला कर म्हणून खपवू पाहत असेल तर त्याला हसून दुरुस्त करा. ती पहिल्या ढिगात टाका.

कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2024 पासून कायदाच लागू केला की जाहिरातीत दाखवायची ती सगळी अनिवार्य शुल्कं धरूनच किंमत. त्यानंतर मोठ्या कंपन्यांच्या अमेरिकेतल्या संकेतस्थळांवर कर धरलेला आकडा दिसू लागला. मामेभावाला मात्र जाहिरात आली होती सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. तिथे जुनंच चालू आहे. मी त्याला त्याच सफरीची किंमत कंपनीच्या अमेरिकी संकेतस्थळावर बघायला लावली, पडताळा म्हणून.

पाचवी पायरी: तिसरा ढीग, आणि त्यातले छुपे कर

ग्रॅच्युइटी हा कर नाही. वेटर, केबिन साफ करणारे आणि पडद्यामागच्या लोकांसाठी कंपनी ती रोजची वजा करते. बहुतेक कंपन्यांत ती जहाजावर गेस्ट सर्व्हिसेसकडे जाऊन कमी करून घेता येते. मी तसं करत नाही, पण येतं हे माहीत असावं.

बारमध्ये प्रत्येक पेल्यावर आपोआप 18 ते 20 टक्के टिप लागते. ड्रिंक पॅकेज घेतलं तर पॅकेजच्या किमतीवर तेवढीच टिप लागते, म्हणून "दिवसाला 70 डॉलर" वाचलं की मनातल्या मनात 83 करा. जहाज अमेरिकी बंदरात किंवा किनाऱ्याजवळ असताना तिथल्या राज्याचा विक्री कर पेल्यावर पडू शकतो. युरोपातही तसंच: सफर फक्त युरोपीय संघाच्या बंदरांमधूनच फिरत असेल तर जहाजावरच्या खरेदीवर व्हॅट लागू शकतो, मध्ये बाहेरच्या देशाचं एखादं बंदर असेल तर बहुधा सुटका.

सहावी पायरी: भारतातून पैसे भरताना

भारतातल्या टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर त्यावर 5 टक्के जीएसटी आणि वर टीसीएस, म्हणजे टूर कंपनीने तुमच्याकडून आधीच गोळा करून सरकारकडे भरायचा आयकर. जीएसटी गेला तो गेला. टीसीएस मात्र तुमचाच पैसा आहे. तो आयकर खात्याच्या नोंदीत तुमच्या पॅनवर दिसतो आणि रिटर्न भरताना आयकरातून वळता होतो. त्याचा दर अर्थसंकल्पागणिक बदलत आलाय, म्हणून भरणा करायच्या दिवशीचा दर विचारा, आणि खर्चाच्या बेरजेत तो धरू नका, फक्त हातात रोख असू द्या. चौघांच्या नावाने पॅकेज असेल तर पॅन कोणाचा दिला, हेही बघा. वहिनींचा दिला असेल आणि त्यांना कर बसत नसेल, तर तो परत मिळवायला त्यांना रिटर्न भरावं लागेल.

थेट कंपनीच्या संकेतस्थळावर कार्डाने भरलंत तर बँकेचा परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे वरचं शुल्क, लागतो. साधारण 2 ते 3.5 टक्के, आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. 600 डॉलरवर साडेतीन टक्क्यांनी 21, वर जीएसटीचे पावणेचार. जहाजावरचं खातंही डॉलरमध्येच चालतं, तेव्हा मार्कअप नसलेलं कार्ड असेल तर तेच नेमून द्या.

सातवी पायरी: बंदर हुकलं किंवा सफरच रद्द केली तर

आमची एक सफर कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटावर थांबणार होती. तिथे मोठ्या जहाजांना लागायला धक्का नाही, समुद्रातच नांगर टाकून छोट्या बोटींनी किनाऱ्यावर जावं लागतं. त्या सकाळी लाटा होत्या. कॅप्टनने माफी मागितली आणि जहाज पुढे निघालं. नाश्त्याच्या टेबलावर लगेच हिशोब सुरू झाले, शेजारचे एक गृहस्थ माणशी दीडशे परत मिळणार म्हणून बायकोला समजावत होते. संध्याकाळी खात्यात जमा झाले ते माणशी वीस डॉलरही नव्हते, कारण परत मिळतो तो फक्त त्या एका बंदराचा भाग. तोही बहुतेकदा जहाजावर खर्चायच्या रकमेच्या रूपात.

रद्द करण्याचं मात्र उलट आहे, आणि हे फार कमी लोक मागतात. उशिरा रद्द केलंत, कंपनीने दंड म्हणून पूर्ण भाडं ठेवून घेतलं, तरी मधला ढीग सहसा परत मिळतो. तुम्ही चढलाच नाहीत तर तुमच्या डोक्यामागचा कर भरावाच लागत नाही. पहिली पायरी म्हणून फोड लेखी घ्या म्हटलं ते यासाठीच: मामेभावाच्या बाबतीत ती रक्कम 600 डॉलर आहे. उलट बाजूने, करात वाढ झाली तर बुकिंगनंतरही फरक मागायचा हक्क कंपनी करारात राखून ठेवते. ते कलम वाचून घ्या.

शेवटी एकच. उतरायच्या आदल्या रात्री जेवण झालं की खात्याची प्रत बघा, अ‍ॅपवर किंवा केबिनच्या टीव्हीवर. न उघडलेल्या मिनिबारच्या पाण्याचे चार डॉलर, दोनदा पडलेली टिप, असलं काही असतंच. सकाळी गेस्ट सर्व्हिसेसपुढे जी रांग लागते ती बघून माणूस चार डॉलर सोडून देतो.