म्युनिकहून मित्रांसोबत वीकेंडची शहर-सहल: तिकीट, गाड्या आणि बंद रविवार

म्युनिकला शिकायला आलं की महिन्याभरात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पॅरिस, प्राग, अ‍ॅमस्टरडॅमचे बेत शिजू लागतात. ती शहरं सेमिस्टरच्या सुट्टीसाठी ठेवा. वीकेंडला पाचजणांना मानवेल असा बेत साधा असतो: जायला दोन तासांच्या आसपास, गाडी बदलायची झालीच तर एकदाच, आणि दिवसाला एकच शहर. ऑग्सबुर्ग पाऊण तासावर, रेगेन्सबुर्ग दीड तासावर, न्यूरेंबर्ग पावणेदोन तासांवर आणि साल्झबुर्ग साधारण दोन तासांवर आहे. चारही ठिकाणी थेट रिजनल गाडी जाते.

तिकिटापासून सुरुवात करा. डॉइचलांड-टिकेट हा मासिक पास मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला, जानेवारी २०२६ पासून तो ६३ युरोंना आहे. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त प्रकार असतात, ते आधी युनिव्हर्सिटीत विचारा. हा पास देशभरातल्या रिजनल गाड्या, एस-बान (उपनगरी रेल्वे), उ-बान (मेट्रो), ट्राम आणि बसमध्ये चालतो. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. साल्झबुर्ग आणि न्यूरेंबर्गकडे त्याही गाड्या जातात, म्हणून फलकावर शहराचं नाव दिसलं की लगेच चढू नका, आधी गाडीचा प्रकार वाचा. विनातिकीट धरलं तर ६० युरो दंड आहे. पास नावावर असतो, त्यामुळे फोटो असलेलं ओळखपत्र जवळ हवं. स्क्रीनशॉटवर भागत नाही, आणि फोन बंद पडला तर पास दाखवता येत नाही. ग्रुपमध्ये निदान एक पॉवर बँक असू द्या. पास बंद करायचा असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावा लागतो, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

कुणाकडे पास नसेल, किंवा पुण्याहून कुणी भेटायला आलं असेल, तर बायर्न (बव्हेरिया) राज्यातल्या रिजनल गाड्यांचं एका दिवसाचं बायर्न-टिकेट पाहा. एका तिकिटावर पाचजण जाऊ शकतात. पहिल्या माणसाचा दर जास्त, पुढच्या प्रत्येकाचा बराच कमी, म्हणून दोघांपेक्षा चौघांना ते जास्त परवडतं. शनिवार-रविवारी ते मध्यरात्रीपासून चालतं, इतर दिवशी सकाळी ९ नंतर, आणि दोन्ही वेळी दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत. त्यावर प्रवाशांची नावं लिहायची असतात, कोरं ठेवू नका. हे तिकीट साल्झबुर्गपर्यंतही चालतं.

आता गाड्यांचं, कारण सहल बहुतेक वेळा इथेच फसते. रुळांची कामं मुद्दाम वीकेंडला काढतात. आठवड्यापूर्वी पाहिलेलं वेळापत्रक धरून बसू नका, शुक्रवारी रात्री डीबी नेव्हिगेटर या जर्मन रेल्वेच्या अ‍ॅपवर पुन्हा तपासा. 'एसईव्ही' अशी अक्षरं दिसली तर त्या टप्प्यात रेल्वेऐवजी बस आहे. ती हळू जाते आणि तिचा थांबा बऱ्याचदा स्टेशनच्या दाराशी नसतो, म्हणून अर्धा तास हाताशी ठेवा. गाडी बदलायची असेल तर अ‍ॅपमध्ये बदलण्याची किमान वेळ १५ मिनिटं करा. अ‍ॅप पाच-सहा मिनिटांच्या जोडण्याही सुचवतं. पहिल्या गाडीला थोडा उशीर झाला की ती जोडणी गेली, आणि पुढची गाडी कदाचित तासाने. न्यूरेंबर्गला जाताना इंगोलश्टाटमार्गे जाणारी आरई (रिजनल एक्सप्रेस) निवडा. ऑग्सबुर्गवरून वळसा घेणाऱ्या गाडीला बराच जास्त वेळ लागतो.

शहराऐवजी टेगर्नझे तळ्याकडे निघालात तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. म्युनिकहून एकच लांब गाडी सुटते, ती होल्त्सकिर्शेनला आणि पुढे शाफ्टलाखला तुटते आणि तिचे भाग वेगवेगळ्या गावांना जातात. जागा मिळाली म्हणून कुठेही बसलात तर बायरिशत्सेलला पोचाल. प्रत्येक भागावर शेवटच्या स्टेशनची पाटी असते. चढताना ती वाचा, आणि पाचहीजण एकाच भागात आहात ना ते पाहा.

साल्झबुर्ग ऑस्ट्रियात आहे. पास साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनापर्यंतच चालतो, शहरातल्या बसचं तिकीट वेगळं. परतताना सीमेजवळ फ्राइलासिंगला पोलीस गाडीत चढून कागद तपासतात. मूळ पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिटचं कार्ड दोन्ही लागतात, फोनमधला फोटो पुरत नाही. परमिटची मुदत संपून तात्पुरता कागद हातात असेल तर तूर्त जर्मनीतच फिरा.

जागा थोडक्यात सांगतो. ऑग्सबुर्गला फुगराय पाहाच. १५२१ मध्ये याकोब फुगरने गरिबांसाठी वसवलेली ही वस्ती आजही नांदती आहे, आणि तिथलं वर्षाचं मूळ भाडं ०.८८ युरो आहे. रेगेन्सबुर्गचा जुना भाग आणि बाराव्या शतकातला दगडी पूल एका दिवसात पायी पाहून होतो. न्यूरेंबर्गला किल्ला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर खटले चालले ते ६०० क्रमांकाचं न्यायालय वेगवेगळ्या बाजूंना आहेत, आणि न्यायालयाचं संग्रहालय मंगळवारी बंद असतं. डिसेंबरात तिथल्या ख्रिसमस बाजाराच्या शनिवारी गाडीत उभं राहायलाही जागा नसते, रविवारी सकाळी लवकर निघा.

खाण्याची सोय शनिवारीच करा. बायर्नमध्ये दुकानं रात्री ८ ला बंद होतात आणि रविवारी दिवसभर उघडत नाहीत, मोठ्या स्टेशनांतली काही तेवढी अपवाद. पोळीचे रोल आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून न्या. शाकाहाऱ्यांनी केजश्पेत्सले (चीज घातलेल्या शेवया) मागताना 'ओने श्पेक' (बेकनशिवाय) असं स्पष्ट सांगावं, काही ठिकाणी त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे पडतात. नळाचं पाणी पिता येतं. बाटली विकत घेतलीत तर टाकू नका, एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट परत मिळतात. स्टेशनवरच्या शौचालयाला बहुधा पैसे पडतात, म्हणून उतरण्यापूर्वी गाडीतलंच वापरा.

खर्च स्प्लिटवाइज या हिशेब वाटण्याच्या अ‍ॅपवर त्याच वेळी टाका. छोट्या कॅफेत कार्ड चालेलच असं नाही, म्हणून माणशी २० युरो रोख ठेवा. परतीला शेवटची गाडी धरू नका, तिच्या आधीची धरा: ती चुकली तरी एक उरते.